घरचं नेट हळू चालतंय? कंपनीला फोन लावण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

प्लॅन २०० एमबीपीएसचा, बिल वेळेवर भरलेलं, आणि तरी आतल्या खोलीत व्हिडिओवरचं चक्र फिरतच राहतं. मग कस्टमर केअरला फोन होतो, तिकडून 'राउटर रीस्टार्ट करून बघा' असं उत्तर येतं, दोन दिवस बरं चालतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. नाहीतर घरातलं कोणीतरी वरचा प्लॅन घ्यायला लावतं. वायफाय भिंतीत अडलेलं असताना ३०० चा प्लॅन घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. फरक काहीच पडत नाही, बिल तेवढं वाढतं.

साइटचा सर्व्हर, कंपनीचं जाळं, तुमच्या दारापर्यंतची फायबर, घरातला राउटर आणि राउटरपासून तुमच्या फोनपर्यंतची हवा, एवढ्या टप्प्यांतून नेट येतं. वेग यातल्या सगळ्यात कमकुवत टप्प्याइतकाच मिळतो. तेव्हा घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते आधी ठरवायचं आणि मगच कशाला हात लावायचा. एका वेळी एकच गोष्ट बदला. चॅनल, डीएनएस आणि केबल तिन्ही एकदम बदललंत, तर कशामुळे सुधारलं ते कधीच कळणार नाही, आणि पुन्हा बिघडलं की शून्यापासून सुरुवात.

आधी हे जवळ ठेवा

- दोन मीटरची कॅट-५ई किंवा कॅट-६ लॅन केबल, कंपनीतून टोकं लावून आलेली. घरी पडलेली जुनी नको, कारण संशय तिच्यावरही असू शकतो.
- लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप. पोर्ट नसेल तर यूएसबी ३.० चा गिगाबिट अडॅप्टर. खोक्यावर '१०/१००' एवढंच लिहिलेला स्वस्त अडॅप्टर १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही आणि सगळी मोजणी चुकवतो.
- अँड्रॉइड फोनमध्ये वायफाय ॲनालायझर प्रकारचं एखादं मोफत ॲप.
- प्लॅनचा वेग, महिन्याची डेटा मर्यादा, कस्टमर आयडी आणि कनेक्शनला जोडलेला मोबाइल नंबर.
- राउटरच्या पोटावरच्या स्टिकरचा फोटो. लॉगिनचा पत्ता आणि पासवर्ड तिथेच असतो.
- आकडे लिहायला एक वही.

१. एमबीपीएस आणि एमबी यांची गल्लत दूर करा

बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, ब्राउझर डाउनलोडचा वेग मेगाबाइटमध्ये दाखवतो, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर डाउनलोडच्या खिडकीत जास्तीत जास्त १२.५ एमबी प्रति सेकंद दिसणार, प्रत्यक्षात ११ ते १२. एक जीबीची फाइल दीड मिनिटात उतरत असेल तर तुमची १०० ची लाइन ठणठणीत आहे.

याच पायरीवर डेटा मर्यादाही बघा. 'अनलिमिटेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक फायबर प्लॅनवर महिन्याला ३३०० जीबीची एफयूपी, म्हणजे पूर्ण वेगाने वापरायची मर्यादा असते. ती संपली की वेग एकदम खाली येतो. एरवी ती संपत नाही, पण घरात सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग चोवीस तास क्लाउडवर जात असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये वापराचा आकडा एकदा पाहून घ्या. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच नेट मरतं आणि एक तारखेला जिवंत होतं, ही एफयूपीची खूण.

२. थेट वायर लावून मोजा

ही पायरी कुणालाच करायची नसते, आणि उत्तर तर इथेच मिळतं.

फायबरची बारीक वायर ज्या डब्यात जाते त्याला ओएनटी म्हणतात. बहुतेक घरांत तोच राउटरही असतो. नवी केबल ओएनटीच्या पहिल्या लॅन पोर्टमध्ये आणि लॅपटॉपमध्ये लावा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, व्हीपीएन बंद करा, बाकी सगळ्यांचे फोन पाच मिनिटं वायफायवरून काढा. मग स्पीड टेस्ट घ्या.

टेस्टची साइट बहुतेक वेळा आपोआप तुमच्याच कंपनीचा सर्व्हर निवडते. तो आकडा फक्त तुमच्या घरापासून कंपनीच्या केंद्रापर्यंतचा असतो. तो लिहून ठेवा, मग सर्व्हर बदलून मुंबईतलाच दुसऱ्या कंपनीचा निवडा आणि पुन्हा मोजा. फास्ट डॉट कॉम ही नेटफ्लिक्सची टेस्ट नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजते, त्यामुळे पडताळणीला तीही चांगली. पहिला आकडा १९५ आणि बाकी दोन ४० असतील, तर दोष कंपनीच्या बाहेरच्या जोडणीत आहे. तुम्ही घरात काहीही केलंत तरी तो हटणार नाही.

अशी मोजणी तीन दिवस करा: सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री साडेनऊ. सकाळी पूर्ण आणि रात्री पाव वेग मिळत असेल, तर कंपनीने एका लाइनवर जास्त ग्राहक लादलेत. घरगुती फायबरच्या जीपॉन तंत्रात २.५ जीबीपीएसच्या आसपासची एकच वाट ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. सगळे एकदम वापरत नाहीत या हिशेबावर ते चालतं, आणि क्रिकेटच्या सामन्याच्या रात्री हिशेब चुकतो.

आता तुमच्या आकड्यांप्रमाणे पुढे जा. वायरवरही वेग कमी असेल तर पायरी ३ आणि ४. वायरवर पूर्ण आणि वायफायवर कमी असेल तर थेट पायरी ५. दोन्हीकडे आकडे चांगले आणि तरी साइट रखडतात, तर पायरी ६.

३. आकडा ९४-९५ वर अडकला असेल तर

हे इतकं ओळखीचं लक्षण आहे की आकडा ऐकूनच निदान होतं. प्लॅन १५० चा असो की ३०० चा, वायरवरची टेस्ट ९४-९५ च्या पुढे सरकत नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी जोडणी १०० एमबीपीएसवर उतरली आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट, इथे लिंक स्पीड बघा. १०००/१००० हवं; १००/१०० दिसलं तर पुढचं तपासा.

पोर्ट: स्वस्त ओएनटीमध्ये सगळे पोर्ट सारखे नसतात. एक गिगाबिट आणि बाकीचे १०० चे असा प्रकार सर्रास आहे. गिगाबिट पोर्टवर कधी 'जीई' लिहिलेलं असतं, कधी त्याचा रंग वेगळा असतो. वेगळा राउटर जोडला असेल तर त्याचा वॅन पोर्टही (बाहेरून येणारं नेट ज्यात लावतात तो) बघा. ३०० एमबीपीएस वायफायची जाहिरात करणाऱ्या जुन्या राउटरचे सगळेच पोर्ट बहुधा १०० चे असतात.

केबल: लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात (टोकातल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या), गिगाबिटला आठही. एक जरी तार आत तुटली किंवा टोकात नीट बसली नाही, तर जोडणी काहीही न सांगता १०० वर उतरते. नेट 'चालू' असतं, त्यामुळे संशय येत नाही. घाईत जोडणी करणारे काही जण मुद्दाम चारच तारा बसवतात. पारदर्शक टोक डोळ्यांजवळ धरा: चपटी खिटी खालच्या बाजूला ठेवून डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असे आठ रंग दिसायला हवेत, आणि प्रत्येक तार पुढच्या भिंतीला टेकलेली हवी. तसं नसेल तर टोक कापून नवं क्रिम्प करून (पकडीने दाबून बसवून) घ्या. काम पाच मिनिटांचं.

घरात नवी केबल ओढायची असेल तर अस्सल तांब्याचीच मागा. 'सीसीए' म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती स्वस्त पडते आणि वळणावर तुटते. विजेच्या तारा असलेल्या पाइपातून लॅन केबल ओढायची नाही, इलेक्ट्रिशियन कितीही 'काही होत नाही' म्हणाला तरी.

जुन्या इमारतींत अजून एक व्यवस्था सापडते: फायबर फक्त गच्चीपर्यंत किंवा जिन्यातल्या पेटीपर्यंत, आणि तिथल्या स्विचमधून प्रत्येक घरात लॅन केबल. ही केबल बाहेरच्या भिंतीवरून उन्हापावसात लोंबत असते. दोन उन्हाळ्यांत तिचं आवरण तडकतं, पावसात पाणी शिरतं. वळवाच्या विजांनी स्विचचा एखादा पोर्ट अर्धवट जळतो आणि नेट तुटक चालतं. केबलवाल्याला पेटीतला पोर्ट बदलून बघायला सांगा, आणि शक्य असेल तर फायबर घरापर्यंत आणून घ्या.

४. फायबर: दिवे आणि एक आकडा

ओएनटीवर 'पॉन' दिवा स्थिर हिरवा हवा. 'एलओएस' लाल लागला म्हणजे प्रकाशच येत नाही. मग घरात करण्यासारखं काही नसतं, तक्रार नोंदवा. त्रासदायक असते ती मधली अवस्था: दिवे हिरवे, पण प्रकाश अंधूक. ओएनटी त्या अंधुक प्रकाशात चुका करत, पुन्हा पुन्हा मागत काम करते. आपल्याला नेट अडखळतंय एवढंच दिसतं.

हे ओळखायला राउटरच्या पानावर लॉगिन करा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१) आणि ऑप्टिकल किंवा पॉन माहितीच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद शोधा. ती डीबीएम या मापात असते. उणे १५ ते उणे २४ असेल तर उत्तम. उणे २७ ही नेहमीच्या ओएनटीची शेवटची सीमा; उणे २६ च्या आसपास असाल तर तुम्ही काठावर आहात. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणून आकड्यांतला फरक छोटा वाटला तरी छोटा नसतो.

प्रकाश कमी होण्याची घरातली कारणं ठरलेली असतात. सरकत्या खिडकीच्या चौकटीत फायबर चेमटलेली. टीव्हीमागे जास्तीची वायर घट्ट गुंडाळून रबर लावलेलं. निदान सात-आठ सेंटिमीटर रुंदीचं सैल वेटोळं हवं. कपाट सरकवताना बसलेला काटकोनी मोड. बाहेर उंदीर-खारी आणि जॉइंटच्या डब्यात शिरलेलं पाणी. पहिल्या जोरदार पावसानंतर आठवड्याभरात नेट बिघडलं तर आधी जॉइंटवर संशय घ्या. हिरव्या टोकाच्या वायरला निळ्या टोकाची वायर जोडलेली दिसली तर तेही टेक्निशियनला दाखवा. दोन्ही टोकांची घासणी वेगळी असते आणि त्या सांध्यात प्रकाश वाया जातो.

दोन गोष्टी अजिबात करू नका. फायबरचं टोक काढून त्यात डोकावू नका. आतला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. आणि ओएनटीच्या मागचं छोटं 'रीसेट' भोक टाचणीने दाबू नका. रीस्टार्ट आणि रीसेट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रीसेटने कंपनीने भरलेला यूजरनेम आणि जोडणीची सेटिंग्ज पुसली जाऊ शकतात, आणि मग टेक्निशियन येईपर्यंत हळू नेटसुद्धा मिळत नाही.

गच्चीवर ५जीचा डबा बसवून मिळणाऱ्या एअरफायबरमध्ये फायबरचा प्रश्नच नसतो. तिथे सगळा खेळ त्या डब्याच्या दिशेचा. समोर नवी इमारत उठली, झाड वाढलं किंवा डबा वाऱ्याने फिरला की वेग पडतो.

५. वायफाय: बहुतेकांचं दुखणं इथेच असतं

पहिला प्रश्न राउटर कुठे आहे हा. फायबर दारातून येते म्हणून टेक्निशियन राउटर दाराच्या वर, चपलांच्या कपाटात किंवा टीव्ही युनिटच्या आत बसवून जातो. तिथून शेवटच्या बेडरूमपर्यंत दोन-तीन भिंती. नऊ इंची विटांची भिंत एकवेळ चालते. आरसीसीचा खांब, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि फ्रिज चालत नाहीत, कारण धातू लहरी अडवतो. राउटर घराच्या मध्याजवळ, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर हवा. ओएनटी हलवता येत नसेल तर टेक्निशियनकडून लांब फायबर पॅचकॉर्ड (दोन्ही टोकं लावलेली तयार फायबर वायर) मागा. हॉलच्या कोपऱ्यातून पॅसेजमध्ये आणलेला राउटर जो फरक पाडतो, तो बाजारातला कुठलाही 'बूस्टर' पाडत नाही.

दुसरा प्रश्न २.४ की ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब पोचतं पण हळू असतं, आणि इमारतीतल्या सगळ्यांचं वायफाय त्यातच कोंबलेलं असतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात काम करतो. दूध गरम करताना व्हिडिओ थांबत असेल तर कारण हेच. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण एक-दोन भिंतींतच दमतं. वायफायच्या नावापुढे '५जी' लिहिलेलं दिसतं ते या ५ गिगाहर्ट्झचं. मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. तुमच्या घरी एकच नाव दिसत असेल तर दोन शक्यता: राउटर दोन्ही पट्टे एका नावाखाली चालवतोय, किंवा तो फक्त २.४ चाच आहे. दुसरी शक्यता असेल तर १०० च्या वरचा प्लॅन त्या राउटरवर वाया जातो. आधी दोन्ही पट्ट्यांचा राउटर मागा.

फोन कुठल्या वेगाने जोडलाय ते बघता येतं. अँड्रॉइडमध्ये जोडलेल्या वायफायच्या तपशिलात लिंक स्पीड असतो, मॅकमध्ये ऑप्शन दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की 'टीएक्स रेट' दिसतो. प्रत्यक्ष वेग त्याच्या साधारण निम्मा धरा. लिंक ७२ दिसत असेल तर ३५-४० मिळाले तरी नशीब. लिंक ८६६ असेल तर वायफाय बरं आहे, दोष दुसरीकडे.

लिंक नेमका ५४ वर अडकलेला दिसला तर राउटरच्या सुरक्षा सेटिंगकडे जा. जुन्या राउटरवर 'टीकेआयपी' किंवा 'डब्ल्यूईपी' निवडलेलं असेल तर नवा वेग मिळतच नाही. 'डब्ल्यूपीए२ एईएस' निवडा, किंवा सगळी उपकरणं चालवत असतील तर 'डब्ल्यूपीए३'.

आता चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातली एकेक वाट. ॲनालायझर ॲप उघडून २.४ चा आलेख बघा. इथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. यातला सगळ्यात मोकळा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. बरेच जण जास्त वेगाच्या आशेने रुंदी ४० करतात. फ्लॅटच्या इमारतीत त्याचा उलटा परिणाम होतो, कारण दुप्पट शेजाऱ्यांशी टक्कर होते. चॅनल ३ किंवा ९ 'रिकामा' दिसतो म्हणून तोही निवडू नका, दोन्ही बाजूंचा गोंगाट त्यात येतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये रुंदी ८० ठेवा, चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला. २.४ पूर्ण बंद मात्र करू नका. स्मार्ट प्लग, दारावरची घंटा, बरेच प्रिंटर त्याच्यावरच चालतात.

एवढं करूनही आतली खोली कोरडीच राहिली, किंवा घर दुमजली असेल, तर दुसरा राउटर लागेल. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा एक्स्टेंडर हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निराश करणारा उपाय. तो एकाच रेडिओवर घेतो आणि त्याच रेडिओवर देतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. शिवाय लोक तो मुळात सिग्नल नसलेल्या खोलीतच लावतात. मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय देणारा डब्यांचा संच घेतलात तरी त्याचे डबे केबलने जोडता आले तरच खरी मजा आहे. पैसे न घालता होणारा उपाय म्हणजे कपाटात पडलेला जुना राउटर:

- जुना राउटर रीसेट करा (कंपनीचा ओएनटी नव्हे!) आणि लॅपटॉप वायरने त्याला जोडा.
- त्यात 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, आणि वायफायचं नाव-पासवर्ड मुख्य राउटरसारखंच द्या.
- तो मोड नसेल तर त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा, नाव-पासवर्ड तेच आणि चॅनल वेगळा ठेवा, आणि शेवटी डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा.
- मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून केबल आणून जुन्याच्याही लॅन पोर्टमध्येच लावा. वॅन पोर्ट रिकामा राहू द्या.

डीएचसीपी बंद करायचं विसरलात तर घरातल्या काही फोनना नेट मिळतं, काहींना नाही, आणि कुणाला कधी मिळेल याचा नेम राहत नाही. टीव्ही, डेस्कटॉप आणि गेमिंगचा कन्सोल हलत नाहीत. त्यांना वायरच द्या. तेवढं वायफाय इतरांना मोकळं होतं.

६. टेस्ट झकास, पण साइट उघडायला वेळ लागतो

तीच साइट मोबाइल डेटावर उघडा. तिथेही रखडली तर दोष साइटचा. दहावी-बारावीच्या निकालाची दुपार, तत्काळ तिकिटांची सकाळ, सातबाऱ्याच्या साइटची गर्दीची वेळ, यात तुमचा राउटर निर्दोष असतो.

मोबाइलवर झटकन आणि घरी हळू असेल तर डीएनएस बघा. साइटचं नाव टाकल्यावर पत्ता शोधण्याचं काम डीएनएसचं. लक्षण असं: पहिले काही सेकंद पान पांढरं, मग सगळं एकदम भसकन उघडतं. राउटरच्या डीएचसीपी पानावर डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा, मग फोनचं वायफाय बंद-चालू करा. डीएनएस बदलून डाउनलोडचा वेग वाढतो ही मात्र दंतकथा आहे. कधीकधी उलटं होतं: कंपनीच्या केंद्रात ठेवलेल्या व्हिडिओच्या प्रतीऐवजी दूरचा सर्व्हर मिळतो. बदलून व्हिडिओ बिघडला तर मागे फिरा.

काही साइट मस्त चालतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, असं असेल तर एमटीयू. यूजरनेम-पासवर्डने चालणाऱ्या पीपीपीओई जोडणीत एका पाकिटाचा कमाल आकार १५०० ऐवजी १४९२ बाइट असतो. राउटरच्या वॅन पानावर १५०० भरलेलं असेल तर मोठी पाकिटं वाटेत गळू शकतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, म्हणजे पाकीट पाठवून उत्तर येतं का ते बघणारी आज्ञा द्या: ping -f -l 1464 8.8.8.8 असं टाइप करा. उत्तर आलं तर १४९२ बरोबर (१४६४ मध्ये शीर्षकाचे २८ मिळवायचे). 'तुकडे करावे लागतील' अशा अर्थाचा संदेश आला तर आकडा दहा-दहाने कमी करत जा, आणि जो चालेल त्यात २८ मिळवून राउटरमध्ये भरा.

एकाच लॅपटॉपवर रडगाणं असेल तर ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून बघा. तिथे चांगलं चालत असेल तर एक्स्टेन्शन दोषी. तिथेही नाही तर अँटिव्हायरसची वेब तपासणी आणि चालू राहिलेलं व्हीपीएन तपासा.

७. फक्त डाउनलोड हळू

एका साइटवरून एकच फाइल हळू येते, पण त्याच वेळी दुसरीकडची जोरात येते, तर पहिला सर्व्हरच प्रत्येकाला मोजून देतोय. एकाच फाइलसाठी अनेक जोडण्या उघडणारा डाउनलोड मॅनेजर इथे कामाला येतो. सर्व्हर अमेरिकेत असेल तर पाकिटाला जाऊन यायला २०० मिलिसेकंदांच्या पुढे लागतात, मुंबईतल्या सर्व्हरला जेमतेम पाच-दहा; एका जोडणीचा वेग त्या अंतरानेच मार खातो. म्हणून मिरर (त्याच फाइलची प्रत ठेवलेला दुसरा सर्व्हर) निवडायची सोय असेल तर भारत किंवा सिंगापूर निवडा. स्टीमवर गेम उतरवताना सेटिंग्जमध्ये डाउनलोड रीजन मुंबई आहे ना, तेही बघा.

परदेशी साइटच तेवढ्या रांगत असतील आणि देशी सगळ्या पळत असतील, तर बातम्या बघा. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, तेव्हा भारतातल्या ग्राहकांनाही त्याची झळ बसली. अशा वेळी वाट बघण्याखेरीज उपाय नाही.

जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल, तर ३०० च्या लाइनवर मोठा गेम उतरवताना डिस्कच मागे पडते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि नेट मात्र खालीवर, असं दिसतं.

८. घरातलंच कोणीतरी अपलोड भरून टाकतंय का?

संध्याकाळी सगळे घरी आले, फोन वायफायला लागले की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर जायला लागतात. अपलोडची वाट भरली की डाउनलोडही अडतं, कारण प्रत्येक विनंती त्याच वाटेने बाहेर जाते. तपासायला लॅपटॉपवर ८.८.८.८ ला सतत पिंग चालू ठेवा. एरवी दहा मिलिसेकंदांच्या आसपास असणारा आकडा ३००-५०० वर गेला की एकेका फोनचं वायफाय बंद करत जा. दोषी सापडतो. मग त्या फोनचा बॅकअप रात्रीवर ढकला, किंवा राउटरमध्ये क्यूओएस (वेग वाटून देण्याची सोय) असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्के लावा.

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादीही वाचा. अनोळखी नावं दिसली तर पासवर्ड बदला. कधीकाळी शेजाऱ्यांना दिलेला पासवर्ड अजून तोच असतो.

९. आता कंपनीला फोन करा, पण आकडे घेऊन

'नेट स्लो आहे' म्हणालात तर रीस्टार्ट करायला सांगतील. त्याऐवजी असं सांगा: 'प्लॅन २०० चा आहे. ओएनटीला थेट वायर लावून, गिगाबिट लिंकवर, तीन दिवस रात्री साडेनऊला ३५ ते ४० मिळतात, सकाळी १९०. आरएक्स पॉवर उणे २६.५ आहे.' समोरचा माणूस तुम्हाला स्क्रिप्ट वाचून दाखवायचं सोडतो. तक्रार क्रमांक एसएमएसने घ्या, तोंडी आश्वासनाला काही अर्थ नाही. केबलवाला ओळखीचा असला, 'दादा, उद्या माणूस पाठवतो' म्हणाला, तरी क्रमांक घ्याच.

टेक्निशियन आला की त्याच्यासमोर वायरवर मोजा आणि आरएक्सचा आकडा पुन्हा वाचा. फोनवर राउटरशेजारी उभं राहून घेतलेली टेस्ट मान्य करू नका. काम झालं असं तुम्हाला वाटेपर्यंत तक्रार बंद करण्याचा ओटीपी देऊ नका.

दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या विनियमांनुसार त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते, शुल्क नसतं, आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र लिहून वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आणि कंपनीच बदलायची ठरली, तर जाहिरात बाजूला ठेवून त्याच इमारतीत नव्या कंपनीचं कनेक्शन असलेल्या घरी रात्री साडेनऊला वायरवर टेस्ट घ्या. सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरण्याची सवलत लगेच घेऊ नका. पहिला महिना सुटा भरा, जुनी लाइन तोवर चालू ठेवा, आणि तीन दिवसांची तीच मोजणी नव्या लाइनवर पुन्हा करा.